सहा पर्याय, कामाचे दोनच

स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून आरोग्य विमा सगळ्यांना सक्तीचा आहे. पण वर्षाच्या औषधपाण्यातला पहिला किती खर्च खिशातून करायचा, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आपल्या पॉलिसीत ज्याला डिडक्टिबल म्हणतात, तीच ही रक्कम. प्रौढांसाठी पर्याय सहा : ३००, ५००, १०००, १५००, २००० किंवा २५०० फ्रँक. रक्कम मोठी, तितका हप्ता कमी. तिच्या वरच्या खर्चाचेही दहा टक्के रुग्णाच्याच माथी, मात्र वर्षाला फार तर ७०० फ्रँक.

वाटतं, आजारी माणसानं ३०० घ्यावेत, ठणठणीत माणसानं २५००, आणि अधूनमधून दवाखान्याची पायरी चढणाऱ्यानं मधलं काहीतरी. गंमत म्हणजे हे मधलं कधीच परवडत नाही!

कायद्यानुसार जास्तीच्या जोखमीच्या ७० टक्क्यांपर्यंतच हप्त्यात सूट देता येते. ३०० वरून २५०० वर गेलं की जोखीम २२०० नं वाढते, सूट १५४० पर्यंत मिळते. ती पूर्ण मिळाली असं धरू. वर्षाचा खर्च २००० झाला, तर सूट वजा जाता २५००वाल्याला ४६० फ्रँक पडतात, ३००वाल्याला ४७०, आणि १०००वाल्याला चक्क ६१०. खर्च याहून कमी असेल तर २५०० सरस, थोडा वर गेला की ३००. मधल्या चौघांना जिंकायला एकही आकडा उरत नाही.

आणखी नवल पुढेच आहे. कितीही मोठं ऑपरेशन निघालं तरी २५००वाल्याचं नुकसान ३००वाल्यापेक्षा फार तर ६६० फ्रँक जास्त. दवाखान्याचं तोंडही न पाहिलेल्या वर्षी फायदा मात्र १५४०. मग सगळेच २५०० का घेत नाहीत? मधुमेहासारखं कायमचं दुखणं असेल तर ३०० हेच शहाणपण. इतरांची अडचण वेगळी. बचत दरमहा गुपचूप होते, बिल एकदम अंगावर येतं. त्या वर्षी ३२०० फ्रँक हाताशी हवेत. ते नसतील तर भीती रास्तच, असं मला वाटतं.

पण भीतीची किंमतही पाहावी. भार्गव, लोवेनस्टाइन आणि सिडनर या अर्थतज्ज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका मोठ्या अमेरिकी कंपनीतल्या कर्मचाऱ्यांच्या निवडी तपासल्या. निम्म्याहून अधिक जणांनी आजार येवो न येवो, महागच पडणारी योजना घेतली होती. हा जादा भुर्दंड हप्त्याच्या २४ टक्के भरला. डिडक्टिबल कमी करून जेवढं वाचणार, त्याहून जास्त हप्ता ते हौसेनं भरत होते.

स्विस माणूस मात्र दरवर्षी निवड बदलू शकतो. रक्कम खाली आणायची तर नोव्हेंबरअखेर विमा कंपनीला कळवायचं. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलंच असेल, तर नोव्हेंबरात ३०० वर यायचं आणि जानेवारीत टेबलावर जायचं. कायद्याला ते चालतं.