झोपेतून उठताना यंत्र अडखळतं तेव्हा

आज आपण यंत्राच्या झोपेबद्दल बोलणार आहोत.

मी चंदीगडला राहतो आणि छोट्या यंत्रांवर लिनक्स चालवून देण्याचं काम करतो. मागच्या हिवाळ्यात माझ्याकडे दूध संकलन केंद्रावरचं एक यंत्र आलं. शेतकरी दूध घालतो, लिटर, फॅट आणि एसएनएफचे आकडे टचस्क्रीनवर उमटतात, केंद्रावरचा माणूस बोटानं नोंद पक्की करतो. गिऱ्हाईक नसलं की बॅटरी वाचवायला यंत्र झोपतं आणि बटण दाबलं की उठतं.

तक्रार अशी होती की कधी कधी उठल्यावर पडदा उजळतो, पण बोटाला दाद देत नाही. मग बॅटरी काढून परत लावायची, आणि पक्की न झालेली नोंद गेली! तोवर त्या बाईंचं दूध मोठ्या कॅनमध्ये मिसळलेलं असतं. परत मोजणार कसं? म्हणजे चूक सॉफ्टवेअरची आणि भांडण मात्र केंद्रावर.

आधी झोप म्हणजे काय ते पाहू. सस्पेंड सुरू झालं की कर्नल सगळे प्रोग्रॅम गोठवतो, मग एकेका उपकरणाच्या ड्रायव्हरला सांगतो, 'आवरा आता.' शेवटी रॅममधला मजकूर टिकेल एवढीच वीज उरते. रिझ्यूम म्हणजे हेच सगळं उलट्या क्रमानं.

यात क्रमाला फार महत्त्व आहे. कीबोर्ड यूएसबी कंट्रोलरला जोडलेला असेल तर कीबोर्ड आधी झोपला पाहिजे आणि कंट्रोलर नंतर. उठताना कंट्रोलर आधी. याशिवाय कोणीतरी एक जण जागा राहावा लागतो, नाहीतर उठवणार कोण? चांद्रयान-3 आठवा. 4 सप्टेंबर 2023 ला विक्रम लँडरला झोपवताना इस्रोनं उपकरणं बंद केली, पण रिसीव्हर चालू ठेवला. 22 सप्टेंबरला हाका मारल्या, उत्तर आलं नाही. चंद्रावरच्या रात्रीची थंडी हा वेगळा विषय, पण झोपवण्यापेक्षा उठवणं अवघड, हे सगळीकडे सारखंच.

आता आपल्या यंत्राकडे येऊ. 'कधी कधी' होणारा दोष पकडायचा तर आधी तो पुन्हा पुन्हा घडवून आणावा लागतो. मी घड्याळाचा गजर लावून यंत्राला दर अर्ध्या मिनिटानं झोपवत-उठवत रात्रभर ठेवलं. सकाळी लॉगमध्ये दोष बऱ्याच वेळा सापडला.

दुसरी पायरी, दोष कुठल्या टप्प्यात आहे ते शोधणं. कर्नलमध्ये पीएम टेस्ट नावाची सोय आहे. ठरवलेल्या टप्प्यापर्यंतच झोपायचं, पाच सेकंद थांबायचं आणि माघारी यायचं. फक्त प्रोग्रॅम गोठवून पाहिलं, सगळं ठीक. उपकरणांपर्यंत गेलो आणि टच गेला. म्हणजे प्रोसेसर, फर्मवेअर निर्दोष. शोध निम्म्यावर आला.

तिसरी पायरी, लॉग नीट वाचणं. टचच्या चुकीच्या अगदी आधी एक इशारा होता: आयटूसी कंट्रोलर झोपलेला असताना कोणीतरी त्याच्याशी बोलायचा प्रयत्न केला. पण टच तर एसपीआय या वेगळ्याच बसवर होता! मग सर्किटचा नकाशा उघडला. टचच्या चिपची रीसेटची तार एका जीपीआयओ एक्स्पांडरकडे जात होती आणि तो एक्स्पांडर आयटूसीवर होता. टच जागा होताना रीसेटसाठी एक्स्पांडरला हाक मारत होता, आणि तो बिचारा अजून झोपेत.

मग हे रोज का होत नव्हतं? वेळ वाचवायला कर्नल काही उपकरणं समांतर उठवतो. त्या शर्यतीत बहुतेक वेळा एक्स्पांडर जिंकायचा. समांतर उठवणं बंद केलं, तेव्हा दोष नाहीसा झाला. म्हणजे शंका बरोबर होती. पण हा उपाय नव्हे, ही फक्त खूण.

इथे मोह होतो. टचच्या ड्रायव्हरमध्ये अर्ध्या सेकंदाची वाट घातली की काम भागतं. मीही आधी तेच करून पाहिलं. पण कंट्रोलरला एखाद्या दिवशी जास्त वेळ लागला की दोष परत हजर! खरा उपाय म्हणजे, टच एक्स्पांडरवर अवलंबून आहे हे कर्नलला सांगणं. 2017 साली आलेल्या 4.10 आवृत्तीपासून यासाठी डिव्हाइस लिंकची सोय आहे. पुरवणारा कोण आणि घेणारा कोण हे एकदा सांगितलं की झोपताना, उठताना, समांतर चालतानाही कर्नल तो क्रम पाळतो. बदल मोजक्या ओळींचा होता. नंतरच्या रात्रभराच्या चाचणीत टच एकदाही गेला नाही.

आणखी एक गोष्ट त्या मंडळींना सांगितली: झोपण्याआधी अर्धवट नोंद साठवून ठेवा. एक दोष गेला म्हणजे दुसरा येणार नाही असं थोडंच आहे!

तुमचा लिनक्स लॅपटॉप उठतानाच पूर्ण गोठत असेल, लॉगही मिळत नसेल, तर पीएम ट्रेस वापरून पाहा. 2006 मध्ये लिनस टॉरवल्ड्स यांनीच ती युक्ती कर्नलमध्ये आणली. गाडी कुठे अडली याची खूण ती बॅटरीवरच्या घड्याळात लिहून ठेवते, कारण बाकी सगळं पुसलं गेलं तरी ते चालू राहतं. मात्र त्यात तारीख-वेळ बिघडते. चाचणीनंतर घड्याळ लावायला विसरू नका.

तर, यंत्र उठत नसेल तेव्हा 'कुठलं उपकरण बिघडलं' एवढंच विचारू नका. 'कोण कोणाची वाट पाहत होतं' हेही विचारा.