लेकराला मेकॅनिकलला घालावे का?

देवणीच्या बाजारात बैल पाहायला गेलेला माणूस आधी रंगावरून प्रकार ओळखतो. अंगाने पांढरा पण तोंडाच्या बाजूंना काळा तो वानेरा, जवळजवळ सगळा पांढरा तो बालंक्या, अंगभर काळे ठिपके मिरवणारा तो शेवरा. मग दात पाहायचे, खूर पाहायचे, चार पावले चालवून बघायचे. गेल्या उन्हाळ्यात याच बाजारात आमचे एक पाहुणे भेटले. वानेऱ्याची देखणी जोडी घेऊन उभे होते.

"जोडी विकलालाव का काय, दाजी?" मी विचारले.

"काय करावं, आबा! लेकराचा नंबर नांदेडला मेकॅनिकलला लागंल म्हणत्यात. फी, खोली, जेवण, कुठून आणावं?" आणि मग जरा हळू आवाजात, "खरं सांगा आबा, चार वर्षं तिथं काय शिकवत्यात? गॅरेजवालं पोरगं तर सहा महिन्यांत इंजन खोलतंय."

प्रश्न सरळ होता. मी स्वतः हीच पदवी घेऊन नोकरी केली आणि निवृत्त होऊन गावी आलो, त्यामुळे उत्तर देणे मला भागच होते. लिंबाच्या सावलीत आम्ही तासभर बसलो. जे बोललो ते इतर घरांनाही उपयोगी पडेल म्हणून इथे लिहितो.

दाजींना मी गाडीच्या चाकाची आठवण दिली. लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवताना लोहार काय करतो? धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करतो. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल करतो, लोखंड तापून फुगते, मग ती चाकावर चढवून वरून पाणी ओततो. आवळली गेली की आरे सुद्धा करकरतात. हे आपल्या लोहाराला बापजाद्यांपासून ठाऊक आहे. पण किती अंश तापवले तर लोखंड किती वाढेल, किती लहान ठेवले तर धाव घट्ट बसेल आणि किती लहान ठेवले तर तडकेल, हे कागदावर आधी काढता येणे म्हणजे मेकॅनिकलचे शिक्षण. गॅरेजवाला बिघडलेले दुरुस्त करतो. त्याची कला मोठीच आहे. इंजिनिअरने मात्र वस्तू बनण्याआधीच ती कुठे मोडेल हे सांगायचे असते.

दुसरे उदाहरण विहिरीचे. वर काठावर मोटर ठेवली आणि पाणी फार खोल गेले की पंप नुसता घरघरतो, पाणी येत नाही. आपण फुटव्हॉलला शिव्या देतो, नवी मोटर आणतो. दोष मोटरचा नसतोच. पंप पाणी ओढत नाही, तो पाइपातली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. तो दाब पाण्याला फार तर दहा मीटर, म्हणजे तेहतीस-चौतीस फूट चढवू शकतो. प्रत्यक्षात वीस-बावीस फुटांपुढे पंप कुरकुरू लागतो. घोडे कितीही वाढवा, ही मर्यादा हलत नाही. पंप खाली उतरवावा लागतो किंवा पाण्यातली मोटर घ्यावी लागते. दाजी लगेच म्हणाले, "म्हंजी आमचे त्या सालचे पैसे पाण्यातच गेले म्हणा की!"

डिझेल इंजिनाचेही असेच. जाळलेल्या डिझेलपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याचीच ताकद चाकापर्यंत पोचते, बाकी उष्णता धुराड्यातून आणि पाण्यातून निघून जाते. का जाते आणि किती वाचवता येईल, यासाठी थर्मोडायनॅमिक्स नावाचा अख्खा विषय आहे.

आता कडू बाजू. पहिले वर्ष जड जाते. बारावीपर्यंत मराठीत शिकलेल्या पोराला अचानक सगळे इंग्रजीत, त्यात गणिताचा पहिला पेपर, ज्याला सगळे एम-वन म्हणतात, आणि ड्रॉइंग. वस्तू समोर नसताना तिचा वरून, पुढून, बाजूने चेहरा काढायचा! मी पहिल्या सहामाहीत एम-वनला नापास झालो होतो. घरी सांगितले नाही. थोरल्या भावाने तूर विकून पाठवलेले पैसे हातात घेताना मान वर होत नसे. पुढे दिवाळीला त्यांनीच विचारले, "काही राहिलंय का रे?" मी रडलो. ते एवढेच म्हणाले की, एक पेरणी उलटली म्हणून कुणी रान सोडत नाही. दुसऱ्या खेपेस पेपर निघाला. आईबापांनी हे ध्यानात ठेवावे. एखादा विषय राहणे ही या शिक्षणात रोजची गोष्ट आहे. पोरगा लपवू लागला तर मात्र खरे नुकसान सुरू होते.

चित्रकलेवरून आठवले. लोखंडी नांगर देणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला चित्रकार व्हायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत असे कळल्यावर ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले, व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवू लागले, आणि १९०३ साली त्यांचा नांगर निघाला. लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी तो घेईनात, माल दोन वर्षे पडून राहिला. आज त्या भीतीचे हसू येते.

वाटा दोन आहेत. बारावी विज्ञान, मग सीईटी, मग चार वर्षे. किंवा दहावीनंतर तीन वर्षे पॉलिटेक्निक करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. लातूरला पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे. ज्या पोराचा हात चालतो पण बारावीच्या घोकंपट्टीत जीव रमत नाही, त्याला माझ्या मते दुसरी वाट बरी. तीन वर्षांनी गरज पडली तर नोकरीही धरता येते. पदवीसाठी नांदेडच्या विष्णुपुरीला श्री गुरु गोबिंद सिंघजी संस्था १९८१ पासून आहे, औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, शासकीय महाविद्यालय १९६० पासूनचे.

पैशाचे म्हणाल तर जनावर विकण्याआधी तहसीलला जावे. उत्पन्नाचा, रहिवासाचा आणि लागत असेल तर जातीचा दाखला व नॉन-क्रिमीलेअर आधीच काढून ठेवावेत. ऐन प्रवेशाच्या आठवड्यात तिथे रांग लागते. राजर्षी शाहू महाराज योजनेतून फीचा भार हलका होतो. अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतून वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचा. पैसे उशिरा येतात, तेवढी सोय घरात ठेवावी.

आणि मुलींचे. वर्षाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून गेल्यास २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. लोखंडाचे काम बायकांचे नव्हे, असे अजून ऐकू येते. बंगालमध्ये इला घोष १९५१ सालीच मेकॅनिकल इंजिनिअर झाल्या होत्या!

नोकरीचे खोटे सांगणार नाही. कॉम्प्युटरवाल्या पोरांना सुरुवातीला पगार बहुधा जास्त मिळतो. मेकॅनिकलच्या पोराला चाकणला नाहीतर वाळूजला पहिली दोन वर्षे कमी पैशात, पाळीपाळीने राबावे लागते. लातूरजवळ रेल्वे डब्यांच्या कारखान्याचे भूमिपूजन २०१८ साली झाले, पण जवळ कारखाना आहे म्हणून नोकरी ठरलेली, असा हिशेब कुणी करू नये. ज्याला यंत्र उघडून बघायची खाज आहे त्यानेच इकडे यावे.

"आमचं येडं तेच करतंय," दाजी म्हणाले. "घरचा फवारणीचा पंप दोनदा खोलून ठिवला."

त्या दिवशी त्यांनी जोडी परत नेली. पुढे एक कालवड विकली, बाकी सोसायटीतून भागवले. दाखले वेळेत निघाले. पोरगा आता नांदेडला आहे. पहिला महिनाभर रोज रात्री आईला फोन करायचा, आता आठवड्यातून एकदा करतो. ड्रॉइंगचे शीट तीनदा काढून दाखवावे लागले म्हणे. एम-वनचा निकाल लागायचा आहे. तो काय लागला हे पोराला आपणहून सांगू द्या, असे मी दाजींना बजावून ठेवले आहे.