प्लेनोच्या परसातला धुंगार

निजताना घरात विस्तव पेटता ठेवू नये, हे अम्मीनं आम्हा भावंडांना लहानपणापासून बजावलेलं. हदीसमध्येच तसं आलं आहे, असं ती सांगायची. मिरजेच्या घरी परसातल्या चुलीतले निखारे राखेखाली सारून, वर पाणी शिंपडून, पुन्हा एकदा वाकून बघून मगच ती आत यायची. त्यामुळे गेल्या रमजानमध्ये धाकट्या भावानं अमेरिकेतल्या आपल्या घराच्या परसात रात्री साडेदहाला मेंढ्याचा अख्खा खांदा शेगडीवर ठेवला, झाकण लावलं, मोबाइलवर दोनदा बोट फिरवलं आणि "चलो, सो जाव सब" म्हणाला, तेव्हा अम्मी खुर्चीवरून हलली नाही.

"और आग?"

"जलती रैती अम्मी, सहरी तक."

टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला प्लेनो नावाचं शहर आहे. भाऊ तिथं दहा-बारा वर्षं राहतो. कॉलेजातून तीन आठवड्यांची रजा काढून मी अम्मीला घेऊन गेले होते. मार्चचा महिना. तिथं मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी जवळजवळ सगळा देश घड्याळं एक तास पुढे करतो, म्हणून काल साडेसहाला सोडलेला रोजा आज एकदम साडेसातला सुटतो. उपवासाचे तास तेवढेच असतात, पण पोटाला घड्याळ कोण समजावणार? त्या दिवशी अम्मी संध्याकाळी सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे संशयानं बघत होती.

ही शेगडी दिसायला आडव्या पिंपासारखी, चार पायांवर उभी, बाजूला एक पेटी. पेटीत लाकडाच्या कांड्या. तिथं त्यांना पेलेट म्हणतात. पाटीवरच्या पेन्सिलीचे तुकडे असावेत तशा, सहा-एक मिलिमीटर जाडीच्या. लाकूड कापणाऱ्या गिरण्यांमधला भुसा प्रचंड दाबानं बारीक छिद्रांतून काढतात. त्या दाबानं आणि उष्णतेनं लाकडातलंच लिग्निन मऊ पडतं आणि भुशाला धरून ठेवतं. पेटीच्या तळाशी एक मळसूत्र असतं. ते फिरत फिरत कांड्या आतल्या लोखंडी वाटीत नेऊन टाकतं, तिथं विजेनं तापणारी कांब त्या पेटवते आणि पंखा वारा घालतो. आच उतरली की मळसूत्र जरा जास्त फिरतं, चढली की थांबतं. वाटीवर लोखंडी पत्रा असल्यामुळे ज्वाळा मांसापर्यंत पोचत नाही, आत फिरते ती फक्त धग आणि पातळ निळसर धूर. मंद आचेवर तासाला अर्धा किलोच्या आसपास कांड्या जळतात.

सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत घरं उबदार ठेवायला अशा कांड्या जाळू लागले. ओरेगॉन राज्यातल्या माउंट एंजल गावच्या जो ट्रेगर यांनी त्यावर स्वयंपाक करता येईल अशी शेगडी बनवली आणि १९८६ साली तिचं पेटंट मिळवलं. आता अनेक कंपन्या ती बनवतात.

अम्मीला यातलं काहीही नको होतं. तिला एवढंच कळत होतं, की पंखा घालणारं माणूस नसताना विस्तव पेटता आहे.

भावानं खांद्याला दही, आलं-लसूण आणि आम्ही मिरजेहून नेलेली कांदा-लसूण चटणी चोळली होती. मांसात एक सुई खुपसलेली, तिची तार बाहेरच्या पडद्याला जोडलेली. आतलं मांस किती तापलं ते तिथं आकड्यांत दिसतं. शेगडीची आच १०७ अंश सेल्सिअस, आणि मांस ९५ अंशांवर गेलं की काम झालं. मला तहानेनं दोनला जाग आली, तर अम्मी स्वयंपाकघराच्या काचेच्या दाराशी शाल गुंडाळून बसलेली, हातात तसबीह. पडद्यावर आकडा सत्तर. तीनला पुन्हा पाहिलं, तरी सत्तरच. मग तिनं भावाला उठवलंच. "ये तो सत्तर पोच अटक गया. मशीन बिघडी तेरी."

मशीन बिघडली नव्हती. मोठा तुकडा मंद आचेवर शिजताना सत्तरच्या आसपास तासन् तास अडकतो. मांसातलं पाणी वर येऊन उडत राहतं आणि त्या उडण्यानंच मांस गार होतं, माठातलं पाणी होतं तसं. पाणी सरलं की आकडा पुन्हा चढू लागतो. माठाचं उदाहरण अम्मीला पटलं. तरी ती झोपली नाहीच. पहाटे साडेपाचला झाकण उघडलं तेव्हा भावानं हाड चिमटीत धरून ओढलं आणि ते स्वच्छ होऊन हातात आलं. अम्मीनं पहिला घास खाल्ला, थोडा वेळ चघळत राहिली आणि म्हणाली, "ये तो धुंगारच है. रातभर का."

धुंगार आपल्याकडे सगळ्यांच्याच घरात आहे. भरीत किंवा डाळ झाल्यावर मधोमध वाटी ठेवायची, वाटीत लाल निखारा, निखाऱ्यावर तुपाचा थेंब आणि झटकन झाकण. दम का कीमा आमच्याकडे या धुराशिवाय होतच नाही. पाच मिनिटांत जे करायचं तेच ही शेगडी सात तास करते.

या कांड्यांची लाकडं वेगवेगळी असतात: ओक, हिकरी, सफरचंद, चेरी, पेकन. भावाच्या पेटीत मेस्किटच्या होत्या. टेक्सासात मेस्किटची काटेरी झुडपं माळावर जिथंतिथं दिसतात. गाडीतून जाताना अम्मी म्हणाली, ही तर आपली वेडी बाभूळ. आणि ती फारशी चुकली नव्हती. आपल्याकडे सोलापूरपासून मराठवाड्यापर्यंत बांधांवर माजलेली वेडी बाभूळ अमेरिका खंडातूनच आलेली, मेस्किटच्याच कुळातली. आपण तिचा कोळसा पाडतो, तिथं ती रंगीत पिशवीत भरून विकली जाते.

धुराशी आणि रोज्याशी संबंधित एक प्रश्न मला प्लेनोत शेजाऱ्यांनीही विचारला: रोजा असताना स्वयंपाक करता, मग वास, धूर, चव यांचं काय? धूर आपोआप नाकातोंडात गेला तर रोजा तुटत नाही, मुद्दाम ओढून घेतला तर तुटतो. चाखायचं म्हटलं तर विनाकारण चाखणं बरं नव्हे, पण गरज असली तर जिभेच्या टोकावर मीठ बघून थुंकून टाकता येतं. गरज म्हणजे काय? हनफी फिक्हच्या जुन्या ग्रंथांत याचं उदाहरण दिलं आहे ते तापट नवऱ्याचं. नवरा मिठावरून भडकणारा असेल, तर बायकोला चाखायची सवलत. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले होते. नंतर वाटलं, त्या ग्रंथकारांना घरातलं बरंच काही ठाऊक होतं.

आमचे अब्बा तापट नव्हते. पण मगरिबच्या अजानला पाच मिनिटं असताना दस्तरखानावर बसून "नमक बराबर है ना?" हे विचारायला ते कधी चुकले नाहीत, आणि चुलीकडे कधी गेले नाहीत. गॅस घरात आला तरी रमजानची मोठी देगची परसातल्या चुलीवरच चढायची. ओल्या बाभळीच्या धुरात, दुपारी तीनपासून, पोटात पाण्याचा थेंब नसताना अम्मी फुंकणी फुंकत बसायची. तिचा खोकला तेव्हापासूनचा. मी कॉलेजातून येऊन तिच्याशेजारी बसायची, कांदा कापायची. भाऊ शेजारीपाजारी इफ्तारीच्या थाळ्या पोचवायचा, आणि त्या कामाबद्दल त्याला शाबासकी मिळायची.

म्हणून प्लेनोत त्याचे मित्र "क्या पकाता है यार!" म्हणायला लागले, की माझ्या कपाळाला आठी पडायची. बटण दाबून झोपी जातो, आणि कौतुक केवढं! हे मी भावजयीला बोललेसुद्धा. ती हसली. म्हणाली, थांबा, उद्या सकाळी बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी, रोजा धरलेला, ऑफिसला जायच्या आधी भाऊ गुडघ्यावर बसून शेगडीची जाळी खरवडत होता, वाटीतली राख काढत होता, चरबीचं भांडं गरम पाण्यानं घासत होता. रमजानच्या महिन्यात घरातला संध्याकाळचा स्वयंपाक त्याचा, सांडलवंड त्याची. भावजयीची नोकरी हॉस्पिटलात, तिची पाळी आठला सुटते. अम्मी काचेआडून त्याला बघत होती. काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिनं त्याला "मैं करती, तू बैठ" म्हणणं बंद केलं.

सगळंच जमतं असं नाही. सीख कबाब साफ फसले. आच थेट लागत नसल्यामुळे ते शिजले, धुरकट झाले, पण वरचा काळपट करकरीतपणा आलाच नाही. शेवटी भावानं बिडाचा तवा आत ठेवून तो तापवला आणि त्यावर परतले, तेव्हा कुठे खाण्यासारखे झाले. खिचड्याचं भांडंही एकदा आत ठेवून पाहिलं. गहू, डाळी, मटण मंद आचेवर सुरेख मऊ झालं. पण खिचडा म्हणजे घोटणं. अम्मीनं पडद्याकडे बोट दाखवून विचारलं, "और देगची कू कौन हिलारा?" भाऊ मुकाट्यानं घोटणी घेऊन उभा राहिला.

एका शनिवारी शेजारच्या सातारकर कुटुंबाला इफ्तारला बोलावलं होतं. ते शाकाहारी. भावानं आदल्या दिवशीच शेगडी खरवडून, रिकामीच तापवून घेतली, नवी जाळी बसवली आणि त्या दिवशी घरात मांस आणलंच नाही. मक्याची कणसं, रताळी, पनीर आणि भरताची वांगी. वांग्याची साल गॅसवर जळते तशी काळी होत नाही, चामड्यासारखी चिवट होते. पण आतला गर असा धुरावला, की सातारच्या वहिनींनी कांदा-कोथिंबीर घालायच्या आधीच चमचाभर खाल्ला. अजान व्हायला अजून दोन मिनिटं होती. लक्षात आल्यावर त्या इतक्या ओशाळल्या, की अम्मीनंच त्यांच्या पुढ्यात आणखी एक चमचा वाढला. "तुमचा कुठं रोजा आहे? मीठ बघून सांगा, आमची सोय झाली."

त्यानंतरच्या आठवड्यात एक फजितीही झाली. रात्री पाऊस आला आणि कांड्यांची पिशवी परसात उघडी राहिलेली. पाणी लागलं की त्या फुगून पुन्हा भुसा होतात. सकाळी त्याच पेटीत ओतल्या गेल्या, मळसूत्र अडकलं आणि संध्याकाळी शेगडी पेटेचना. घरी आठ पाहुणे. अम्मीनं विजेच्या शेगडीवर भजी तळली, मुगाची खिचडी टाकली. पाहुणे खूश होते. भाऊ रात्री बारापर्यंत बॅटरीच्या उजेडात मळसूत्र सोडवत बसला होता.

ईदच्या आदल्या दिवशी नानकटाई. मिरजेत आम्ही पिठाचे गोळे मोठ्या पत्र्यांवर मांडून बेकरीच्या भट्टीवर घेऊन जायचो. तिथं बायकांची रांग, कुणाच्या पत्र्याची कुणाशी अदलाबदल, त्यावरून भांडणं. प्लेनोत रांग नव्हती. शेगडीत पंखा असल्यामुळे ती भट्टीसारखी चालते. १६० अंशांवर अठरा मिनिटांत नानकटाई फुलली, वर नेमकी चीर पडली. फक्त तुपाच्या वासात मेस्किटचा धूर मिसळला होता. अम्मीला तो आवडला नाही. दोन डबे भरून घरी मात्र आणले, आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला ती अभिमानानं सांगत होती, "बेटे ने करा."

यंदा रमजानात मिरजेच्या परसातली चूल पेटवायचं काम मी माझ्या नववीतल्या मुलाकडे दिलं आहे. परवा त्यानं ओली बाभूळ लावली. परसातला धूर स्वयंपाकघरात, तिथून माजघरात. अम्मी पदरानं डोळे पुसत दाराशी आली, खोकली, आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "पंखा किधर है रे तेरा?"