आकृती मनात फिरते तेव्हा

नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत ८० प्रश्न असतात. त्यातले निम्मे बौद्धिक क्षमतेचे: आरशातील प्रतिमा, वेगळी आकृती ओळखा, घडी घालून छिद्र पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल. अमरावती-अकोल्यातली पाचवीची पोरं वर्षभर हे सोडवत असतात. ती सोडवत असताना त्यांच्याकडे नीट बघा. आकृती अवघड आली की मान तिरकी होते, कुणी कागदच फिरवतो, कुणाची बोटं हवेत वळायला लागतात. मोठी माणसं लगेच दटावतात, ‘सरळ बस.’ मला वाटतं, त्या बोटांना दटावू नये. आकृती फिरवण्याच्या कामात मेंदू हातांनाही सामील करून घेतो, याचे चांगले पुरावे आहेत.

मुळात मनात काही ‘फिरतं’ हे तरी कशावरून? नोव्हेंबर १९६८ मधल्या एका पहाटे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉजर शेपर्ड यांना अर्धवट झोपेत घनाकृती संथपणे फिरताना दिसल्या आणि त्यातून त्यांना प्रयोग सुचला. जॅकलिन मेट्झलर यांच्यासोबत केलेला तो प्रयोग १९७१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. दहा-दहा ठोकळे जोडून केलेल्या वाकड्यातिकड्या आकृत्या, त्यांच्या १,६०० जोड्या आणि बघणारे आठ जण. दोन्ही चित्रांत एकच आकृती फिरवून दाखवली आहे की दुसरी तिची आरशातली प्रतिमा आहे, एवढंच सांगायचं. दोन्ही सारख्याच स्थितीत असतील तर उत्तर साधारण सेकंदाभरात यायचं. दोन्हींमधला कोन वाढत गेला तसतसा वेळही वाढत गेला, आणि तो इतक्या नियमाने की आलेख सरळ रेषेत आला. हिशेब निघाला सेकंदाला सुमारे ६० अंश. आकृतीची वैशिष्ट्यं नुसती ताडून पाहायची असती तर कोनाने फरक पडायचं कारण नव्हतं. म्हणजे मन मधल्या सगळ्या स्थितींतून जातं, उडी मारून पलीकडे पोचत नाही.

पुढे एफएमआरआय यंत्रं आली आणि त्या वेळी मेंदूत काय चालतं ते दिसू लागलं. माथ्याच्या मागच्या बाजूचा पॅरायटल भाग, जो वस्तू कुठे आहे आणि कशी वळलेली आहे याचा हिशेब ठेवतो, तो जवळजवळ प्रत्येक अभ्यासात जागा झालेला दिसतो. कोन मोठा, तर तिथली हालचालही जास्त. मात्र काही अभ्यासांत हातपाय हलवण्याशी संबंधित भागही उजळले, आणि मला सगळ्यात जास्त ओढ वाटते ती याच निष्कर्षाची.

अपोस्तोलोस जॉर्जोपुलोस यांच्या गटाने १९८९ मध्ये माकडावर केलेला प्रयोग बघा. माकडासमोर दिवा लागायचा, पण दांडा दिव्याच्या दिशेने न्यायचा नाही, त्यापासून ९० अंश डावीकडे वळून न्यायचा, असं त्याला शिकवलं होतं. हात हलण्याआधीच्या क्षणात संशोधकांनी हालचाल घडवणाऱ्या भागातल्या पेशींचे संकेत एकत्र करून त्यांची एकूण दिशा काढली. ती आधी दिव्याकडे होती. मग वळत वळत ठरलेल्या दिशेला आली. हात अजून जागचा हललेला नव्हता!

माणसांत स्टीफन कॉसलिन यांनी हार्वर्डमध्ये आणखी बारकावा दाखवला. ठोकळ्यांची आकृती एखादी मोटर फिरवते आहे अशी कल्पना करायला सांगितली तेव्हा हालचालीचा मुख्य भाग शांत राहिला. तीच आकृती आपण स्वतःच्या हाताने फिरवतोय अशी कल्पना केली, तेव्हा तो कामाला लागला. म्हणजे एकच उत्तर काढायच्या दोन वाटा मेंदूजवळ आहेत आणि त्यातली एक हातांतून जाते.

हे वाचताना मला अमरावतीचा मल्लखांब आठवतो. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये उभं केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तिथलंच. त्यांच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. एरंडेल तेल चोपडलेल्या खांबाला अढी घालून पोरगा उलटा झाला की त्याच्या दृष्टीने जमीन वर, बोंड खाली आणि समोर बसलेल्यांचा उजवा हात भलतीकडे. खालून उस्तादांचा आवाज येतो, ‘अबे, डावा पाय कुठी चालला!’ आणि त्या पोराला क्षणात स्वतःचं शरीर मनात सरळ करून डावं-उजवं ठरवावं लागतं. दसरंग असो की सुईदोरा, प्रत्येक उडीत हा हिशेब आहे. कागदावरची आकृती आणि हा देह, दोन्ही फिरवताना लागणारी यंत्रणा पूर्ण एक नाही, पण बरीचशी सामाईक आहे.

अशा सरावाने आकृत्या सोडवणं सुधारतं का? फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका गटाने दहा महिने कुस्ती केली, दुसरा गट धावला. आधी दोन्ही गट चाचणीत सारखे होते. नंतर कुस्ती करणारे पुढे गेले. दम दोघांचाही वाढला असणार, पण प्रतिस्पर्ध्याच्या देहाभोवती आपला देह वळवण्याचा सराव एकाच गटाला मिळाला. सरावाचा दुसरा दाखला मुलींचा. मुलींना आकृत्या जमत नाहीत, असं घराघरांत म्हटलं जातं. टोरांटोत २००७ मध्ये केवळ दहा तासांच्या व्हिडिओ गेमच्या सरावाने मुलामुलींमधलं अंतर कमी झालं होतं. आपल्या मुलींना ते वाक्य ऐकवणं आता थांबवावं.

कुस्तीच्या एका अभ्यासावर इमारत उभी करू नये, हे खरंच. म्हणूनच तसाच प्रयोग मल्लखांब घेऊन अमरावतीत व्हावा असं वाटतं. शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय गावात आहे, विद्यापीठ आहे, मल्लखांबाला नव्याने येणारी मुलं-मुली आहेत. जूनमध्ये सगळ्यांची ठोकळ्यांच्या आकृत्यांवर चाचणी घ्यायची, वेळेसकट. निम्म्यांना खांबावर चढवायचं, निम्म्यांना मैदानावर पळवायचं. एप्रिलमध्ये त्याच जातीच्या पण नव्या आकृत्या द्यायच्या आणि कोन वाढल्यावर कुणाचा वेळ किती वाढतो ते बघायचं. खर्च म्हणाल तर एक संगणक आणि चिकाटीचा एखादा विद्यार्थी.