गोळीचा तोल

नेम चुकला की दोष नेमबाजाच्या हाताला लागतो. हात निर्दोष ठरला, तर बंदुकीला. गोळीची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ती कसून करणारा बेंजामिन रॉबिन्स हा इंग्रज गणिती आयुष्याच्या अखेरीस मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, किनाऱ्यावर आला होता. फ्रेंचांनी १७४६ साली घेतलेला सेंट जॉर्ज किल्ला १७४९ साली इंग्रजांना परत मिळाला. तो व दक्षिणेकडील सेंट डेव्हिड किल्ला बळकट करण्यासाठी कंपनीने धाडलेला रॉबिन्स १७५० साली येथे पोचला. पुढल्याच वर्षी सेंट डेव्हिड येथे तो वारला.

वाटोळी गोळी नळीला घासून कशीही गरगरते आणि हवा तिला बाजूला ढकलते, हे रॉबिन्सने ओळखले होते. नळीत पेचदार खोबणी असल्या, तर गोळी पुढे जाताना स्वतःच्या अक्षाभोवती फिरते व मार्ग सोडीत नाही. अशा नळीसाठी त्याने अंडाकृती गोळी सुचविली.

पण अडचण अशी, की घट्ट गोळी नळीच्या तोंडातून ठोकून भरावी लागे आणि सैल गोळी खोबणी धरीत नसे. यावरचा उपाय कॅप्टन जॉन नॉर्टन याला दक्षिण भारतातच सुचला, असे सांगतात. तेथील फुंकनळीच्या बाणांच्या बुडाशी कमळाचे लवचीक भेंड असे. फुंकरीने ते फुगून नळीला चिकटे. १८२३ साली नॉर्टनने पोकळ बुडाची गोळी केली. दारूच्या दाबाने तिचे बूड फाकून खोबणीत बसे. १८४९ च्या मिनिए गोळीचे तत्त्वही हेच.

पुढे वेग वाढला, तसे मऊ शिसे खोबणीत खरवडले जाऊ लागले. म्हणून त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे कवच आले. कवच एका बाजूस जरासे जाड राहिले, तरी गुरुत्वमध्य अक्षावरून ढळतो. आर मधोमध नसलेला भोवरा जसा डगमगतो, तशी ती गोळी नळीबाहेर पडताच डगमगते व भरकटते.

कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्या लक्ष्यावरील दहाचे वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटरचे असते. तेथील गोळी कमी वेगाची, म्हणून बिनकवचाची, शिशाचीच. तरीही या खेळातले नेमबाज काडतुसांच्या निरनिराळ्या खेपा आपल्याच रायफलीत पारखून घेतात. हात कितीही स्थिर असो, नळी सोडल्यावर गोळीला सांभाळणारा दुसरा कोणी नसतो. तिचा तोलच तिला सांभाळतो.