सापळा रचणारी वकिली

2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटातील हजार मुलग्यांमागे 807 मुली नोंदल्या गेल्या. दहा वर्षांपूर्वी हाच आकडा 894 होता. राज्यात सर्वांत तळाला बीड होते. आकडा एवढा बोलका असूनही पोलीस ठाण्यांत मात्र त्या मानाने तक्रारी नव्हत्याच, आणि असणार तरी कशा? गर्भलिंगनिदानाच्या खोलीत हजर असलेल्या प्रत्येकाला गप्प राहण्याचे कारण असते. डॉक्टरला पैसे मिळालेले असतात. नवरा आणि सासू आपल्या मर्जीने आलेले असतात. जिच्या पोटावर यंत्र फिरते तिला बोलायची सोय नसते. मागे प्रेत उरत नाही, हत्यार उरत नाही, फिर्यादीही उरत नाही. अशा गुन्ह्यात एफआयआरची वाट पाहत बसणारी यंत्रणा कायमचीच बसून राहते. आधी कुणीतरी माहिती काढावी लागते, आत शिरावे लागते, नाटक वठवावे लागते. म्हणजे शब्दशः हेरगिरी करावी लागते. पण नुसत्या हेरगिरीनेही भागत नाही, कारण गावाला ठाऊक असलेली गोष्ट न्यायालयाला ठाऊक असतेच असे नाही. बीड जिल्ह्यातल्या परळीत काय चालते हे परळीला माहीत होते. ते शाबित करणे हे वेगळे काम होते. माझे म्हणणे असे की ही दोन कामे वेगवेगळ्या माणसांच्या हाती दिली की दोन्ही वाया जातात. ती एकत्र करणारी वकिली महाराष्ट्रात उभी राहिली, ती साताऱ्याच्या अॅड. वर्षा देशपांडे यांच्या दलित महिला विकास मंडळातून आणि लेक लाडकी अभियानातून. 2025 चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांना ‘स्टिंग करणाऱ्या कार्यकर्त्या’ म्हटले. माझ्या दृष्टीने त्यात महत्त्वाचा भाग वकील असण्याचा आहे.

त्याचे कारण कायद्याच्या रचनेतच सापडते. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा पीसीपीएनडीटी कायदा 1994 चा. तो 1 जानेवारी 1996 पासून लागू झाला आणि 2003 मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. या कायद्याखाली न्यायालय थेट पोलिसांच्या कागदांवर दखल घेत नाही. समुचित प्राधिकाऱ्याने, म्हणजे जिल्ह्यात बहुधा जिल्हा शल्यचिकित्सकाने, तक्रार दाखल करावी लागते. किंवा कलम 28 प्रमाणे एखाद्या नागरिकाने वा संस्थेने प्राधिकाऱ्याला किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची आणि मग स्वतः न्यायालयात जायचे. नागरिकाला दिलेला हा दरवाजा फार मोलाचा आहे. प्राधिकारी स्वतः डॉक्टर असतो आणि ज्याच्यावर कारवाई करायची तोही डॉक्टर असतो. एकाच शहरात, एकाच संघटनेत, कधी एकाच कॉलेजात दोघांची उठबस झालेली असते. अशा वेळी बाहेरून कुणीतरी पुरावा तयार ठेवून दार ठोठावणारे हवे. पण हा दरवाजा ज्याला तक्रार लिहिता येते, कलम लावता येते, उलटतपासणीत काय विचारले जाईल हे आधीच दिसते, त्यालाच उघडता येतो.

सापळा जवळून पाहिला की हे कळते. बनावट ग्राहक म्हणून जाणारी बाई खरोखरच गरोदर असावी लागते, कारण यंत्राला फसवता येत नाही. ती तीन-चार महिन्यांची असावी लागते, कारण त्याआधी लिंग दिसत नाही आणि त्याआधी आलेल्या बाईबद्दल डॉक्टरला संशय येतो. तिला सांगायची गोष्ट साधी असते: दोन मुली आहेत, घरचे ऐकत नाहीत. पण तिच्या सोबत जाणारी ‘नणंद’ किंवा ‘जाऊ’ ही स्वतंत्र साक्षीदार असते, आणि तिने काय पाहिले, काय ऐकले, ती दाराच्या आत होती की बाहेर, हे आधी ठरवावे लागते. द्यायच्या नोटांचे क्रमांक निघण्यापूर्वी पंचांसमोर लिहून घ्यायचे, रेकॉर्डर पंचांसमोर सुरू करून पर्समध्ये ठेवायचा, बाईचे संमतिपत्र आणि प्रतिज्ञापत्र आधीच करून घ्यायचे. खबर फुटू नये म्हणून प्राधिकाऱ्याला नेमके ठिकाण अगदी शेवटी सांगायचे, तरीही तो हजर असताना यंत्र सील व्हायला हवे. डॉक्टर तर तोंडाने ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ म्हणत नाही. पेढे की जिलेबी, सोमवार की शुक्रवार, कुठला देव, यातून तो सांगून जातो. माहिती काढणाऱ्याला एवढे पुरते, कारण त्याला अर्थ कळलेला असतो. वकिलाला पुरत नाही. बचाव पक्ष विचारणार की शुक्रवारी परत या म्हणण्यात गुन्हा कोणता? म्हणून बाहेर पडल्याबरोबर, त्याच तासात, बाईने नेमके कोणते शब्द कोणत्या क्रमाने ऐकले हे लिहून घ्यायचे. फी किती सांगितली, किती घेतली, पावती दिली की नाही, चिठ्ठी कुणाची होती हेही त्यातच आले. ही शिस्त पाळली नाही तर दोन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिलेली बाई गोंधळते, आणि ती फितूर झाली असे निकालपत्रात लिहिले जाते. प्रत्यक्षात ती फितूर झालेली नसते, तिची तयारी कुणी करून घेतलेली नसते.

तरीही कॅमेरा हा या कामाचा मुख्य पुरावा आहे असे मी मानत नाही. मुख्य पुरावा एफ फॉर्म आहे. गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीला तो भरावा लागतो. नाव, वय, पूर्ण पत्ता, हयात मुले किती आणि त्यांत मुलगे-मुली किती, कुणी पाठवले, गर्भ किती आठवड्यांचा, तपासणीचे कारण काय, बाईचे घोषणापत्र, डॉक्टरचे घोषणापत्र. दर महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत प्राधिकाऱ्याकडे जायला हवा आणि नोंदी दोन वर्षे जपून ठेवायला हव्यात. कलम 4(3) म्हणते की या नोंदींत उणीव किंवा चूक आढळली तर बेकायदा निदान केले असेच मानले जाईल, उलट सिद्ध करण्याची जबाबदारी डॉक्टरची. ही तरतूद ज्याने लिहिली त्याला या गुन्ह्याची जात नेमकी कळली होती. डॉक्टर संघटनांनी त्यावर बराच आक्षेप घेतला की कारकुनी चुकीसाठी आम्हाला गुन्हेगार ठरवता. फॉग्सी या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची याचिका सर्वोच्च न्यायालयाने 3 मे 2019 रोजी फेटाळली, आणि या नोंदी हाच कायद्याचा कणा आहे, त्यांना कारकुनी म्हणून सोडून देता येणार नाही, अशी भूमिका घेतली. मला ती पटते. दोन मुलींच्या आईची चौदाव्या आठवड्यातील सोनोग्राफी, पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी नाही, पत्ता अर्धवट, आणि पुढे आशाताईंच्या नोंदवहीत प्रसूती नाही. अशा ओळी एकाच केंद्रात वारंवार दिसू लागल्या की त्यातून जे कळते ते कुठलाही खबऱ्या सांगू शकणार नाही. कोल्हापुरात जिल्हाधिकारी असताना लक्ष्मीकांत देशमुखांनी, आपल्याकडे कथाकार आणि बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ओळखले जाणारे तेच देशमुख, एफ फॉर्म ऑनलाइन केले आणि सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’, म्हणजे तपासण्यांची नोंद ठेवणारे उपकरण, बसवले. रेडिओलॉजिस्टांनी त्याला आव्हान दिले, मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2011 मध्ये ते अमान्य केले. कागदावरची ही पाळत सापळ्याइतकी थरारक नाही, म्हणून बातमीत येत नाही. पण सापळा कुठे लावायचा हे तीच सांगते.

आता परळी. लेक लाडकी अभियानाने डॉ. सुदाम मुंडे यांच्या रुग्णालयात सापळा लावला तो 2010 मध्ये. त्या प्रकरणात परळीच्या न्यायालयाने शिक्षा सुनावली 2015 मध्ये. मधल्या काळात, मे 2012 मध्ये, याच रुग्णालयात गर्भपातादरम्यान एका विवाहितेचा मृत्यू झाला आणि मग सगळे राज्य जागे झाले. त्या मृत्यूच्या खटल्यात बीडच्या सत्र न्यायालयाने 2019 मध्ये डॉक्टरला दहा वर्षांची शिक्षा दिली. या तारखा एकाखाली एक मांडल्या की सापळ्यावर टीका करणारे म्हणतात, पाहा, 2010 चा सापळा यशस्वी होऊनही 2012 चा मृत्यू टळला नाही, मग उपयोग काय? हा प्रश्न खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. पण त्याचा रोख चुकतो. माहिती मिळाली होती, पुरावा तयार होता आणि तो पाच वर्षांनंतरच्या उलटतपासणीतही टिकला. थांबले ते पुढचे पाऊल. कलम 20 खाली नोंदणी निलंबित करणे आणि कलम 30 खाली यंत्र ताब्यात घेणे ही कामे प्रशासनाची, आणि त्यांना खटल्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. सापळ्याच्या दिवशी हाती आलेल्या माहितीवर त्या वर्षीच ते केंद्र पूर्ण बंद होऊन बंदच राहिले असते, तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता असे मानायला जागा आहे. म्हणून या कामातल्या वकिलाची जबाबदारी फिर्याद दाखल झाल्यावर संपत नाही. निलंबनाच्या आदेशावर अपील झाले का, सील केलेले यंत्र परत मिळाले का, याच्या मागे लागणे हाही पाळतीचाच भाग आहे.

दुसरा आक्षेप नीतीचा आहे. वकील हा न्यायालयाचा अधिकारी. त्याने खोटी गोष्ट रचून कुणाला फसवावे का? सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये रजत प्रसाद प्रकरणात स्टिंग करणाऱ्याला सरसकट अभय दिलेले नाही. हेतू लोकहिताचा असला तरी स्टिंगमध्ये केलेले कृत्य आपोआप माफ होत नाही. हे योग्यच आहे. मोह पाडून नवा गुन्हा घडवणे वेगळे, आणि जो रोज दुकान मांडून बसला आहे त्याच्याकडे गिऱ्हाईक म्हणून जाणे वेगळे. हा फरक सांभाळायचा तर बाईने आग्रह धरायचा नाही, जास्त पैशांचे आमिष दाखवायचे नाही. पण याहून बारीक आणि मला जास्त महत्त्वाचा वाटणारा नियम बार कौन्सिलचा आहे: ज्या प्रकरणात आपण साक्षीदार होऊ असे मानायला कारण आहे, त्यात वकिलाने वकील म्हणून उभे राहू नये. म्हणजे सापळा रचणाऱ्याला काळा कोट घालून तोच खटला चालवता येत नाही. त्याला पिंजऱ्यात उभे राहून उलटतपासणी सोसावी लागते. ही किंमत मोठी आहे, आणि म्हणूनच या कामात वकिली मिरवता येत नाही. जे पेरले त्यावरच्या युक्तिवादाचे श्रेय दुसऱ्या कुणाला, बहुधा सरकारी अभियोक्त्याला, द्यावे लागते. या अटीमुळेच हे काम विश्वासार्ह राहते. माहिती काढणारा, तिच्यावर युक्तिवाद करणारा आणि तिचा न्याय करणारा या तीन जागा वेगळ्या राहतात.

तिसरा आक्षेप स्त्रीआरोग्याच्या कार्यकर्त्यांचा आहे आणि मला तो सर्वांत जड वाटतो. 2012 नंतरच्या धाकाने अनेक डॉक्टर चौथ्या-पाचव्या महिन्यातला कायदेशीर गर्भपातही करायला घाबरू लागले. गर्भपाताचा हक्क 1971 च्या कायद्याने दिलेला आहे. 2021 च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी त्याची मुदत 24 आठवड्यांपर्यंत गेली. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या बाईला आधीच दवाखाना गाठणे कठीण, त्यात संशयाची भर. या आक्षेपावर उत्तर एकच आहे: नजर यंत्रावर ठेवायची, बाईवर नाही. पीसीपीएनडीटी कायद्याने जबरदस्ती झालेल्या गर्भवतीला शिक्षेतून वगळले आहे, आणि कलम 24 प्रमाणे तिच्यावर नवऱ्याने व नातेवाइकांनी दबाव आणला असेच गृहीत धरले जाते. ज्या तपासात गावातल्या गरोदर बायांच्या याद्या घेऊन पोलीस घरोघरी फिरतात, तो तपास कायद्याच्या हेतूच्या विरुद्ध जातो. कायदा शिकलेला माणूस आखणीच्या टेबलावर असेल तर अशी यादी तो तिथेच बाजूला काढतो.

बक्करवाडीने हे सगळे आणखी अवघड करून ठेवले. जून 2022 मध्ये बीड तालुक्यातील या गावच्या एका महिलेचा बेकायदा गर्भपातानंतर मृत्यू झाला, आणि तपासात समोर आली ती फिरते यंत्र घेऊन येणारी माणसे आणि गिऱ्हाईक आणणारे स्थानिक एजंट. पोर्टेबल यंत्रांवर 2012 मध्येच कडक बंधने आली होती. इथे नोंदणी असलेले केंद्र नाही, एफ फॉर्म नाही, सील करायला खोलीही नाही. कलम 4(3) चे शस्त्र अशा ठिकाणी बोथट होते, कारण नोंदच नसताना नोंदीतली चूक दाखवून देणार कुणाला? उरतात ते फोन, यूपीआयचे व्यवहार आणि व्हॉट्सअॅपवरचे ठिकाण. हा पुरावा इलेक्ट्रॉनिक असल्याने प्रमाणपत्राशिवाय न्यायालयात उभा राहत नाही. हा धडा मराठवाड्यानेच देशाला दिला आहे. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल वादात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2020 मध्ये ते प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात त्याचे दोन भाग आहेत: एकावर उपकरण ज्याच्या ताब्यात होते त्याची सही, दुसऱ्यावर तज्ज्ञाची, आणि सोबत फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये नंतर बदल झालेला नाही हे दाखवणारी खूण. म्हणजे यापुढे केज किंवा धारूरच्या एखाद्या शेतातल्या खोलीत बनावट ग्राहक पाठवायची, तर तिच्या मोबाइलमधले रेकॉर्डिंग त्याच संध्याकाळी, कुणाला फॉरवर्ड होण्याआधी, हॅश काढून सीलबंद झाले पाहिजे, आणि पहिल्या भागावर तिने स्वतः सही केली पाहिजे. राज्य सरकार खबर देणाऱ्याला बक्षीस देते. त्या पैशातला काही भाग प्रत्येक तालुक्यात हे काम जाणणारा एक वकील आणि एक तंत्रज्ञ सापळ्याच्या आधीपासून सोबत ठेवण्यावर खर्च व्हावा, ही मागणी बीडच्या वकील संघांनीच पुढे होऊन करायला हवी.