हिशेबाबाहेरचं पाणी

नदीनं कोरलेल्या खोल, अरुंद दऱ्यांची जगातली नामांकित उदाहरणं पुष्कळशी चुनखडीच्या दगडातली. फ्रान्समधली व्हेर्दों घ्या, ग्रीसमधली विकोस घ्या. पावसाचं पाणी हवेतला नि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि हा दगड त्यात चक्क विरघळतो. आपल्याकडे चुनखडीचा दगड आहे तो पार यवतमाळ-चंद्रपूरकडे, वणी-कोरपन्याच्या पट्ट्यात. तिथं त्याचं सिमेंट होतं. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातल्या साम्रद गावालगत जी सांधणची घळ आहे, ती मात्र काळ्या बेसॉल्टमधली. हा कातळ पाण्याला इतक्या सहजी दाद देत नाही. मग घळ पडली कशी?

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर पसरले आणि दख्खनचं पठार उभं राहिलं. या थरांच्या सर्वांत खालच्या गटाला भूवैज्ञानिकांनी कळसूबाईचंच नाव दिलंय. १,६४६ मीटरचं ते शिखर याच तालुक्यात. लाव्हा थंड होताना आक्रसला, त्याला उभ्या भेगा गेल्या. पुढे भूकवचाच्या हालचालींनी आणखी मोठ्या फटी पडल्या. पाणी दगड विरघळवू शकलं नाही, पण फट त्याला बरोबर सापडली. दर पावसाळ्यात लोंढा फटीत घुसतो, सुटे झालेले चिरे उखडतो, तेच चिरे पुढं ढकलत तळ घासतो. असल्या कामाला लाखो वर्षंच हवीत असं आपण धरून चालतो. पण इंद्रायणीच्या पात्रात गोट्यांनी गरगर फिरून कोरलेले रांजणखळगे माणसाच्या हयातीत मोजता येईल अशा काळात घडल्याचा पुरावा विश्वास काळे आणि वीणा जोशी या अभ्यासकांनी २००४ मध्ये मांडला आहे. याच जिल्ह्यात पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीनं घडवलेलं रांजणखळग्यांचं रान ज्यांनी पाहिलंय, त्यांना गोट्यांची ताकद वेगळी सांगायला नको.

चुना इथल्या प्रवरा नदीच्या खोऱ्यात अगदीच नाही असंही नाही. बेसॉल्टमधल्या फेल्डस्पारमध्ये कॅल्शियम असतं. कातळ झिजला की ते पाण्याबरोबर निघतं आणि खाली प्रवरेच्या गाळात चुनखडीचे खडे होऊन बसतं. असे खडे भट्टीत भाजून बांधकामाचा चुना करत. नेवाशाला ह. धी. सांकळियांना अश्मयुगीन हत्यारं मिळाली ती याच चुन्यानं घट्ट सांधलेल्या गोट्यांच्या थरात.

सांधणचं पाणी मात्र नेवाशाला जात नाही. साम्रदच्या माथ्यावर पावसाच्या वाटण्या होतात. रतनगडाच्या कुशीत उगम पावलेली प्रवरा पूर्वेला वळते आणि भंडारदऱ्याच्या विल्सन धरणात अडते. १९१० ते १९२६ या काळात बांधलेलं हे ११ टीएमसीचं धरण. तिथून रंधा धबधबा, ओझरचा बंधारा, कालवे, आणि मग ऊस. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला तो याच पाण्याच्या जिवावर. या पाण्याच्या थेंबाथेंबाला मालक आहे. जायकवाडीला किती सोडायचं, यावर दसरा-दिवाळीच्या सुमारास होणारी रणधुमाळी वाचकांना पाठ असेल.

पश्चिमेचं पाणी फटीतून कोकणात उतरतं, शहापूर तालुक्यातल्या डेहण्याकडे. त्याच्यावर कोणाची सही नाही. शेजारच्या घाटघरला मात्र याच कड्याचा उपयोग करून घेतलाय: माथ्यावर एक धरण, पायथ्याशी दुसरं. विजेची मागणी वाढली की पाणी खाली सोडायचं, कमी झाली की तेच पंपानं वर चढवायचं. २५० मेगावॉटचा हा प्रकल्प २००८ पासून चालू आहे. एकच पाणी घाट चढतं-उतरतं, हे मला सांधणइतकंच अचाट वाटतं. पण तिथं सेल्फी काढायला कोणी थांबत नाही.

गावापासून घळीचं तोंड चालत अर्ध्या तासाच्या आत. आत शिरल्यावर थोड्याच वेळात पाण्याचे दोन डोह लागतात. पहिल्यात गुडघे-मांड्या भिजतात, दुसऱ्यात हंगामाप्रमाणे कंबर किंवा छाती. पाणी मे महिन्यातही बर्फासारखं, कारण ऊन तळाशी पोचतं ते जेमतेम दुपारी. भिंती दोन-तीनशे फूट उभ्या. काही ठिकाणी दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत. पुढं डोहही नाही, वाटही नाही, नुसते कोसळलेले धोंडे. बरोबरचा वाटाड्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावत होता: “हललेला धोंडा सोडा भाऊ, बुळबुळीत तर बघूच नका.” जिथं दोराशिवाय उतरता येत नाही, तिथून बहुतेक मंडळी माघारी फिरतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. डेहण्याला दोराविना उतरायचं तर करोली घाट आहे.

पावसाळ्यात इथं पाऊल टाकू नये. घळीत लोंढा आला तर बाजूला व्हायला बाजूच नाही, आणि पाऊस माथ्यावर पडत असताना आत आकाशाची चिंधीच तेवढी दिसते. घाटघर परिसरात काही वर्षी ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. जिल्ह्याच्या पूर्वेला पाचशे-सहाशे झाला तरी लोक समाधानी असतात.

इतका पाऊस पडूनही या माथ्यावरच्या वाड्यांना उन्हाळ्यात हंडे घेऊन पायपीट करावी लागते. कातळावर मातीचा पातळ थर, मुरायला जागा नाही, आलं तसं पाणी दोन्हीकडे निघून जातं. महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांची भातखाचरं पावसावर. दिवाळीनंतर तंबू, वाटाडेपण, पिठलं-भाकरी यांतून चार पैसे येतात. पाहुणे सर्वांत जास्त येतात तेच दिवस पाणी आटण्याचे. कोकणात जाणारं पाणी वळवून गोदावरी खोऱ्यात आणायची मागणी नगर जिल्ह्यात जुनीच आहे. सभांमधून ती अजून गाजते, आणि तिथं बोललं जातं ते धरणं, कालवे नि शेतीच्या आवर्तनांविषयी. साम्रदच्या हंड्याचा विषय त्यात निघालेला माझ्या तरी ऐकिवात नाही.